मातीत असणे आणि पिकाला मिळणे : चुनखडीयुक्त जमिनीतील स्फुरदाचा शोध

प्रास्ताविक

भाषेच्या अध्यापकाने मातीच्या रसायनाविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु शेतीची भाषा आणि शेतीचे ज्ञान ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत. मराठीतला ‘मशागत’ हा शब्द अरबी ‘मशक्कत’वरून आला. खरीप आणि रब्बी हे मूळचे अरबी ऋतुवाचक शब्द असून त्यांचा अर्थ अनुक्रमे शरद आणि वसंत असा होतो. ‘जिरायत’च्या मुळाशी शेती या अर्थाचा ‘जिराअत’ आहे, तर ‘बागायत’च्या मुळाशी फारसी ‘बाग’. काळ्या मातीला भूगोलाच्या पुस्तकांत ‘रेगूर’ म्हणतात; तो शब्द तेलुगूतून इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात शिरला. जमिनीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांना असलेले ‘कंकर’ हे हिंदुस्थानी नाव तर परदेशी भूगर्भशास्त्रज्ञांनीही स्वीकारले. शेतकऱ्याने जे ओळखले त्याला त्याने नाव दिले, आणि पुढे तेच नाव शास्त्राच्या कामी आले.

‘स्फुरद’ हा शब्द मात्र निराळ्या जातीचा आहे. तो शेतातून आलेला नसून ‘स्फुर्’ म्हणजे चमकणे, लखलखणे या धातूवरून आधुनिक काळात घडवलेला आहे. १६६९ मध्ये हॅम्बुर्ग येथील किमयागार हेन्निग ब्रांट यांना मूत्र आटवताना अंधारात चमकणारा एक पदार्थ हाती लागला. ग्रीक भाषेत प्रकाश वाहणारा अशा अर्थाचे जे नाव त्याला मिळाले, त्याचाच भाव मराठीने स्फुरदात उतरवला. उर्दूने ‘फासफोरस’ हेच नाव कायम ठेवले. शेतकऱ्याला या द्रव्याचे नाव फार उशिरा कळले, कारण नत्राच्या कमतरतेने पिवळी पडलेली पाने जशी सहज ओळखू येतात, तशी स्फुरदाची उणीव डोळ्यांना चटकन दिसत नाही. रोप खुजे राहते, मुळे वाढत नाहीत आणि पीक उशिरा तयार होते, एवढेच घडते.

प्रस्तुत लेखाचा विषय याच द्रव्याच्या एका स्वभावाचा आहे. चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद घातला की तो मातीशी बांधला जातो आणि त्यातील थोडाच भाग त्या वर्षीच्या पिकाच्या हाती लागतो. मातीत स्फुरद असणे आणि पिकाला तो मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला शास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली. या शोधाच्या वाटेवरील तीन ठिकाणे भारतात आहेत : बिहारमधील पुसा, माळव्यातील इंदूर आणि हैदराबादजवळील पाटनचेरू. यांपैकी शेवटची दोन आपल्या वाचकांच्या अगदी घरची आहेत. तो इतिहास क्रमाने मांडणे आणि आजच्या शेतकऱ्याच्या खर्चाशी त्याचा काय संबंध आहे हे दाखवणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बांधले जाणे म्हणजे काय?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी मूळ क्रिया समजून घेणे आवश्यक आहे. जमिनीची आम्लता किंवा विम्लता ‘सामू’ या आकड्याने सांगतात. सात हा मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. चुनखडीयुक्त जमिनीचा सामू साधारणतः साडेसात ते साडेआठ असतो. अशा जमिनीत मोकळा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे ओलाव्यात कॅल्शियमची कधीच वाण नसते.

सुपरफॉस्फेटचा दाणा अशा ओल्या मातीत पडला की प्रथम विरघळतो. दाण्याभोवतीचा द्रव तीव्र आम्ल असतो आणि त्यात स्फुरदाचे प्रमाणही भरपूर असते. परंतु हा द्रव काही मिलिमीटर सरकतो न सरकतो तोच चुना त्याची आम्लता मारतो आणि कॅल्शियम स्फुरदाला धरतो. आधी डायकॅल्शियम फॉस्फेट तयार होते. ते पिकाला बऱ्यापैकी उपयोगी पडते. पुढे महिन्या-वर्षांच्या अवधीत त्यापासून अधिक घट्ट, कमी विरघळणारे क्षार बनत जातात, आणि ही वाट शेवटी ॲपेटाइटच्या दिशेने जाते. ज्या खनिज खडकापासून खत तयार केले त्याचे मुख्य द्रव्यही ॲपेटाइटच असते. म्हणजे कारखान्यात गंधकाम्ल घालून जे बंधन तोडले, ते जमीन हळूहळू पुन्हा बांधू लागते.

यासोबत दुसरीही एक क्रिया चालते. स्फुरदाचे कण चुन्याच्या, चिकणमातीच्या आणि लोहाच्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर चिकटतात. हॉलफर्ड आणि मॅटिंग्ली यांनी इंग्लंडमधील चुनखडीयुक्त जमिनींवर केलेला अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा जमिनीतही स्फुरदाला सर्वांत घट्ट धरणारे पृष्ठभाग लोहाच्या ऑक्साइडांचे असून चुन्याची पकड त्यामानाने सैल असते, असे त्यात आढळले. तेव्हा सगळा दोष चुन्याच्या माथी मारणे बरोबर नाही.

या क्रियांचा परिणाम आकड्यांत पाहिला तर प्रश्न स्पष्ट होतो. एका हेक्टरच्या नांगरटीच्या थरात सर्व मिळून शेकडो किलो स्फुरद असतो. पण एखाद्या क्षणी मातीतील पाण्यात विरघळलेला स्फुरद एक किलोही भरत नाही. गव्हाच्या चांगल्या पिकाला मात्र हंगामात हेक्टरी वीस किलोच्या आसपास स्फुरद लागतो. म्हणजे मातीतील पाण्याला हा साठा हंगामभर पुन्हा पुन्हा भरून काढावा लागतो. पिकाचे भाग्य एकूण साठ्यापेक्षा या भरणीच्या वेगावर अधिक अवलंबून असते.

लीबिग यांची भीती आणि वे यांचा प्रयोग

नाव माहीत नसतानाही शेतकऱ्यांना स्फुरदाचा उपयोग ठाऊक होता. बाराव्या शतकात सेव्हिल येथे होऊन गेलेल्या इब्न अल-अव्वाम यांच्या ‘किताब अल-फिलाहा’ या ग्रंथात निरनिराळ्या खतांची चर्चा आहे आणि कबुतरांच्या विष्ठेला त्यात मानाचे स्थान आहे. इराणमधील इस्फहानच्या परिसरात सफवी काळात कबुतरांसाठी प्रचंड बुरूज बांधले गेले. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी शार्दँ यांनी त्यांची संख्या तीन हजारांवर असल्याचे नमूद केले आहे. तेथील जमीन चुनखडीची. बुरुजांत साठणारी विष्ठा खरबुजांच्या मळ्यांना जाई. त्या खतात नत्र आणि स्फुरद दोन्ही भरपूर असतात, आणि ती सेंद्रिय द्रव्याबरोबर जमिनीत जातात. कारण माहीत नव्हते, परंतु अनुभवाने वाट बरोबर दाखवली होती.

कारणाचा शोध एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. १८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी वनस्पतींच्या पोषणात खनिज द्रव्यांचे महत्त्व मांडले. हाडांवर गंधकाम्लाची क्रिया करावी असेही त्यांनी सुचवले. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी रोदमस्टेड येथील आपल्या शेतावर गिल्बर्ट यांच्यासह दीर्घकालीन प्रयोग सुरू केले. ते आजही चालू आहेत.

लीबिग यांनी स्वतःचे एक खत १८४५ पासून बाजारात आणवले. विरघळणारी द्रव्ये पावसाने वाहून जातील, ही भीती त्यांच्या मनात होती. म्हणून त्यांनी ती भट्टीत वितळवून मुद्दाम कमी विरघळणारी केली. खत सपशेल फसले. त्यानंतर १८५० मध्ये इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जॉन थॉमस वे यांनी मातीच्या स्तंभातून खताचे द्रव गाळून पाहिले. अमोनिया आणि पालाश यांसारखी द्रव्ये माती पाण्यातून ओढून स्वतःजवळ ठेवते, असे त्यांना आढळले. स्फुरदही असाच मातीत अडकतो, हे याच सुमाराच्या संशोधनातून पुढे आले. लीबिग यांची भीती निराधार ठरली. पण तिच्या जागी उलट चिंता उभी राहिली : स्फुरद वाहून जात नाही हे खरे, मग मातीने धरून ठेवलेला हा स्फुरद पिकाला द्यायला माती तयार असते का?

डायर यांचे आम्ल आणि पुशाची माती

या प्रश्नाला उत्तर देण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न बर्नार्ड डायर यांनी १८९४ मध्ये केला. त्यांची कल्पना साधी आणि सुंदर होती. मुळांचा रस आंबट असतो. तेव्हा मुळांइतकेच आंबट द्रावण घेऊन त्यात माती घोळवावी आणि जेवढा स्फुरद निघेल तेवढा पिकाला उपलब्ध मानावा. अनेक वनस्पतींच्या मुळांचा रस तपासून त्यांनी एक टक्का सायट्रिक आम्लाचे द्रावण ठरवले. ‘एकूण’ आणि ‘उपलब्ध’ स्फुरद हा भेद यातून प्रयोगशाळेत रुजला.

याच सुमारास भारतातील शेतीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळत होते. १८८९ च्या अखेरीस जॉन ऑगस्टस व्होल्कर भारतात आले. येथील शेती पाहून त्यांनी लिहिलेला अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशाबाहेर जाणाऱ्या हाडांचा आणि चुलीत जळणाऱ्या शेणाचा प्रश्न त्यात चर्चिला गेला आहे. त्यांच्यापाठोपाठ १८९२ मध्ये कृषी रसायनशास्त्रज्ञ म्हणून आलेले जे. वॉल्टर लेदर यांनी भारतीय मातींची पृथक्करणे केली आणि गाळाची, काळी, तांबडी व जांभी असे त्यांचे चार मोठे वर्ग मांडले.

१९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे केंद्रीय कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. हेन्री फिप्स या अमेरिकन गृहस्थांनी दिलेल्या तीस हजार पौंडांच्या देणगीचा तिला आधार होता. योगायोग असा की उत्तर बिहारमधील या भागाची गाळाची माती विलक्षण चुनखडीची आहे. काही ठिकाणी चुन्याचे प्रमाण तीस टक्क्यांच्याही वर जाते. पृथक्करणात तेथे उपलब्ध स्फुरद नावापुरताच निघे. कागदावर ती जमीन जवळजवळ नापीक ठरायला हवी होती. प्रत्यक्षात तेथे मका, गहू, डाळी, मोहरी, ऊस आणि तंबाखू यांची चांगली पिके शेकडो वर्षे येत होती.

या विसंगतीकडे आग्रहाने बोट दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणजे अल्बर्ट हॉवर्ड. ते १९०५ ते १९२४ पर्यंत पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पत्नी गॅब्रिएल याही त्यांच्याबरोबर संशोधन करीत. रसायनशाळेचा आकडा खरा की शेतातील पीक खरे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. खोल मुळांची डाळवर्गीय पिके, हवा खेळती ठेवणारी मशागत आणि सेंद्रिय द्रव्य यांच्यामुळे पिकाला पृथक्करणात न दिसणारे अन्न मिळते, अशी त्यांची भूमिका होती.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे नोंदवले पाहिजे. त्याच पुशात १९०८ पासून कायम खत-प्रयोग चालू होते. हिरवळीच्या खताच्या जोडीने दिलेल्या सुपरफॉस्फेटचा पिकांना फायदा होतो, असे तेथे दिसून आले. म्हणजे माती स्फुरदाला भुकेली होती हेही खरे, आणि ती मुळीच निष्कांचन नव्हती हेही खरे. आज मागे वळून पाहताना आकडा का चुकत होता याचे एक कारण सांगता येते. डायर यांचे आम्ल इंग्लंडच्या मातीसाठी ठरवलेले होते. पुशाच्या मातीत घातले की ते स्फुरदापर्यंत पोचण्याआधी चुन्याशीच लढण्यात खर्ची पडे. माती मोजण्याचे मापच त्या मातीसाठी बनलेले नव्हते.

इंदूरचे कंपोस्ट

१९२४ मध्ये हॉवर्ड इंदूरला आले. भारतीय मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थाने यांच्या साहाय्याने तेथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली होती. जमीन होळकर दरबाराने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली होती. पुशाच्या गाळाऐवजी आता त्यांच्यासमोर माळव्याची काळी माती होती. तीही विम्ल, चुनखडीचे खडे अंगी बाळगणारी आणि सेंद्रिय द्रव्यात कमी.

येथे त्यांना मिळालेल्या सहकाऱ्याचे नाव आपण आवर्जून घ्यायला हवे. यशवंत वाड हे संस्थेच्या रसायन विभागातील मुख्य साहाय्यक. कापसाच्या पळाट्या, तण, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची जी रीत येथे बसवली गेली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर पोचली. १९३१ मध्ये शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगावर जे इंग्रजी पुस्तक निघाले त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. जागतिक सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचे नाव पहिल्या ओळीत येते. वाड यांचे नाव बहुधा गाळले जाते. इंदूरच्या मराठी भाषकांनी तरी ते गाळू नये.

कंपोस्ट आणि स्फुरद यांचा संबंध त्या वेळी पुरता उलगडलेला नव्हता. आज तो असा सांगता येतो. सेंद्रिय द्रव्य कुजताना निघणारी आम्ले आणि कर्बद्विप्राणिद वायू दाण्याच्या व मुळाच्या आसपासचा सामू थोडा खाली आणतात. ही आम्ले कॅल्शियमला स्वतःत गुंतवतात आणि चिकटण्याच्या जागा अडवून ठेवतात. शिवाय सेंद्रिय रूपातील स्फुरद हळूहळू मोकळा होत राहतो. पुढे १९४० मधील आपल्या ग्रंथात हॉवर्ड यांनी मुळांशी राहणाऱ्या बुरशीवर फार भर दिला. त्यांच्या मांडणीतील काही भाग शास्त्राने स्वीकारला नाही, परंतु ही बुरशी आपल्या तंतूंनी मुळांच्या आवाक्याबाहेरील स्फुरद आणून देते, ही गोष्ट मात्र नंतरच्या संशोधनात पक्की झाली.

ओल्सेन यांचे माप

चुनखडीच्या मातीला साजेसे माप शेवटी अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या मुलखातून आले. कोलोरॅडोमध्ये काम करणाऱ्या स्टर्लिंग ओल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी आम्ल बाजूला ठेवून सोडियम बायकार्बोनेटचे, म्हणजे खाण्याच्या सोड्याचे, साडेआठ सामूचे द्रावण वापरले. हे द्रावण चुन्याशी झगडत नाही. ते मातीच्या पाण्यातील कॅल्शियमला कार्बोनेटच्या रूपात खाली बसवते, आणि कॅल्शियमची पकड सुटल्यामुळे सैल बांधलेला स्फुरद द्रावणात येतो. अर्धा तास हलवायचे, गाळायचे आणि रंगाच्या गडदपणावरून मोजायचे, इतकी ती सोपी होती.

या पद्धतीने निघालेला आकडा पिकाच्या प्रतिसादाशी जुळू लागला. मातीच्या दशलक्ष भागांत पाच भागांहून कमी स्फुरद निघाला तर खताचा फायदा होण्याची दाट शक्यता, पाच ते दहा असल्यास बहुधा फायदा आणि दहाच्या वर असल्यास शक्यता कमी, असा ढोबळ नियम बसला. भारतात १९५५–५६ पासून माती परीक्षण प्रयोगशाळा उभ्या राहू लागल्या. उदासीन आणि विम्ल जमिनींसाठी ओल्सेन यांची पद्धत त्यांनी स्वीकारली. हेक्टरी दहा किलोंपेक्षा कमी स्फुरद असल्यास ‘कमी’ आणि पंचवीसपेक्षा जास्त असल्यास ‘भरपूर’ ही तेथील प्रचलित वर्गवारी याच हिशेबाची आहे. २०१५ पासून वाटल्या जाणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेवर स्फुरदासमोर जो आकडा असतो, त्याच्यामागे हा साठ वर्षांचा प्रवास आहे.

पाटनचेरू : मुळांचा जबाब

माप सुधारले, तरी पुशाचा प्रश्न पूर्ण सुटला नव्हता. एकाच मातीत एक पीक उपाशी राहते आणि दुसरे पोट भरते, हे कसे? याचे उत्तर हैदराबादजवळील पाटनचेरू येथे मिळाले. अर्धशुष्क प्रदेशातील पिकांसाठीची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, म्हणजेच इक्रिसॅट, तेथे १९७२ मध्ये स्थापन झाली. संस्थेच्या आवारातच चुनखडीयुक्त काळी आणि लोहयुक्त तांबडी अशा दोन्ही प्रकारच्या माती आहेत. त्यामुळे तुलना करणे सोयीचे होते.

जपानी शास्त्रज्ञ नोरिहारू आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन १९९० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल व तत्सम द्रव्ये स्रवतात आणि ती लोहाला गुंतवून तांबड्या मातीतील लोहाशी बांधलेला स्फुरद सोडवतात, असे त्यांनी दाखवले. काळ्या मातीत हे काम हरभरा करतो. त्याच्या मुळांतून सायट्रिक आम्ल मोठ्या प्रमाणात पाझरते आणि कॅल्शियमने धरलेला स्फुरद मुळाशेजारीच मोकळा होतो. शंभर वर्षांपूर्वी डायर यांनी मुळाची नक्कल म्हणून जे आम्ल बाटलीत घेतले होते, तेच आम्ल हरभऱ्याचे मूळ स्वतः वापरीत होते. फरक एवढाच की बाटलीतील आम्ल सगळ्या मातीशी लढते, तर मूळ आपल्या भोवतीच्या मिलिमीटरभर जागेतच ते ओतते.

मराठी शेतकऱ्याला हरभऱ्याचा आंबटपणा नवा नाही. पहाटे हरभऱ्यावर फडके अंथरून ‘आंब’ गोळा करण्याची आणि पोटदुखीवर ती वापरण्याची रीत जुनी आहे. पानांवरील आंबेत मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले असतात; मुळांतील आम्ल वेगळे. तरीही पानांवर जे हाताला लागत होते, त्याच्याच जातीचे काम जमिनीखाली चालले होते. रब्बीत हरभरा घेऊन पुढच्या पिकाला जमीन ‘हलकी करून देणे’, तूर आंतरपीक म्हणून घेणे, या रीतींमध्ये नत्राबरोबर स्फुरदाचाही वाटा होता. हॉवर्ड यांचा डाळींवरील भर उगाच नव्हता.

पाटनचेरू येथील आणखी एक निष्कर्ष लक्षात घेण्यासारखा आहे. के. एल. सहरावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीवर केलेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, सर्वोच्च उत्पन्नाच्या नव्वद टक्के उत्पन्नासाठी ओल्सेन पद्धतीने काळ्या मातीत दशलक्ष भागांत केवळ २.८ भाग स्फुरद पुरेसा ठरला. तांबड्या मातीत मात्र ५ भाग लागले. काळी माती स्फुरद गिळून टाकते, या सरसकट समजुतीला यामुळे धक्का बसला. तसेच सर्व पिकांना आणि सर्व मातींना एकच आकडा लावता येत नाही, हेही स्पष्ट झाले.

‘वाया गेले’ या समजुतीची फेरतपासणी

आता आजच्या शेतकऱ्याकडे येऊ. घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारण दहा ते पंचवीस टक्केच मिळतो, हे वाक्य कृषिविषयक पुस्तकांत वारंवार येते. त्यावरून बाकीचा वाया गेला, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा पूर्ण मात्रा द्या, असा अर्थ काढला गेला. वाक्य खरे आहे, अर्थ मात्र खरा नाही.

रोदमस्टेडमधील एका शेताचा इतिहास यावर चांगला प्रकाश टाकतो. त्या शेताच्या काही भागांना १८५६ ते १९०१ पर्यंत स्फुरद दिला गेला आणि १९०२ पासून तो बंद झाला. पुढे अनेक दशके त्या जुन्या शिलकीवर तेथे स्फुरद न दिलेल्या भागांपेक्षा चांगले पीक येत राहिले. सायर्स, जॉन्स्टन आणि कर्टिन यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी २००८ मध्ये लिहिलेल्या अहवालात अशा दीर्घ प्रयोगांचा आढावा आहे. एकाच वर्षाऐवजी अनेक वर्षांचा जमाखर्च मांडला तर स्फुरदाचा उपयोग नव्वद टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बांधलेला बराचसा स्फुरद म्हणजे मुदत ठेव होय. ती आज काढता येत नाही, पण बुडालेलीही नसते.

या फरकात शेतकऱ्याचा पैसा आहे आणि देशाचाही. पन्नास किलोच्या डीएपीच्या पोत्यात स्फुरद, म्हणजे मूलद्रव्याच्या हिशेबाने, जेमतेम दहा किलो असतो. तो कोठून येतो? भारतात पहिला सुपरफॉस्फेट कारखाना १९०६ मध्ये राणीपेट येथे निघाला. उदयपूरजवळ झामरकोटडा येथे १९६८ मध्ये फॉस्फेट खडक सापडला. तरीही देशाची बहुतांश गरज आजही मोरोक्को, जॉर्डन, सौदी अरेबिया यांसारख्या देशांकडून येणाऱ्या खडकावर, आम्लावर किंवा तयार खतावर भागते. १९९२ मध्ये स्फुरदयुक्त खतांच्या किमतींवरील नियंत्रण उठले तेव्हा आणि २०२१ पासून चीनने निर्यातीवर बंधने घातली तेव्हाही, पेरणीच्या तोंडावर रांगेत उभा राहिला तो शेतकरीच. ज्या शेतात शिल्लक भरपूर आहे तेथे तो सवयीने पोते ओततो. ज्या शेतात खरोखर वाण आहे तेथल्या शेतकऱ्याला पोते परवडत नाही. मातीचे रसायन येथे न्यायाचा प्रश्न होते.

या इतिहासातून निघणारी व्यवहाराची सूत्रे मोजकी आहेत. आधी माती तपासावी आणि विम्ल जमिनीत आकडा ओल्सेन पद्धतीचाच आहे याची खात्री करावी. स्फुरद जमिनीत स्वतः फारसा सरकत नाही. म्हणून तो फोकून न देता दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या बाजूला व थोडा खाली पेरावा. त्यामुळे तो मुळांच्या वाटेवर राहतो आणि मातीशी त्याचा संपर्कही कमी येतो. शेणखताची किंवा कंपोस्टाची जोड द्यावी. फेरपालटात हरभरा आणि तूर असू द्यावीत. जेथे आकडा ‘भरपूर’ आहे, तेथे पिकाने नेले तेवढेच परत द्यावे किंवा एखादे वर्ष हात आवरावा. जास्त स्फुरदाने पिकाला जस्त मिळण्यात अडथळा येतो, हे चुनखडीच्या जमिनीत विशेष जपावे लागते, कारण तेथे जस्ताचीही आधीच टंचाई असते.

स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंविषयी एक शब्द. १९४८ मध्ये रशियातील पिकोव्स्काया यांनी असे जिवाणू ओळखण्याची रीत मांडली आणि सोव्हिएत शेतीत त्यांचा मोठा प्रसार झाला. आपल्याकडेही त्यांची संवर्धके मिळतात. परंतु काचेच्या बशीत फॉस्फेट विरघळवणारा जिवाणू चुन्याने भरलेल्या शेतात तसाच यशस्वी होईल असे नाही. त्याने तयार केलेले आम्लही चुना खाऊन टाकतो. म्हणून त्यांच्याकडे पूरक म्हणून पाहावे, खताचा पर्याय म्हणून नव्हे.

समारोप

लीबिग यांना वाटले की स्फुरद वाहून जाईल. तो वाहून गेला नाही. पुढच्या पिढ्यांना वाटले की तो मातीत कायमचा गाडला जातो. तोही समज पुरा खरा निघाला नाही. पुशाच्या मातीला कागदाने दरिद्री ठरवले, पण पिकाने ते मानले नाही. आणि हरभऱ्याच्या मुळांचे म्हणणे शास्त्राने ऐकले तेव्हा विसावे शतक संपत आले होते. या सर्व प्रवासात चूक कोणा एकाची नव्हती. एका मुलखाच्या मातीसाठी केलेले माप दुसऱ्या मुलखाच्या मातीला तपासल्यावाचून लावणे, ही ती चूक होती.

आपल्या शाळा-महाविद्यालयांत शिकणारी पुष्कळ मुले शेतकरी घरांतली आहेत. घरी आलेली मृद आरोग्य पत्रिका वाचून तिच्यातील स्फुरदाचा आकडा आईवडिलांना समजावून सांगणे, हे काम ती सहज करू शकतात. त्यासाठी विज्ञानाच्या शिक्षकाइतकीच भाषेच्या शिक्षकाचीही गरज आहे. कारण ‘एकूण’ आणि ‘उपलब्ध’ या दोन शब्दांतील अंतर ज्याला कळले, त्याला पुढच्या हंगामात किती पोती आणायची हेही कळेल.